शेजाऱ्याच्या हातची माती

"बरोबर हाय की तुमचं," असं अण्णा म्हणाले की समजायचं, आपलं काहीतरी साफ चुकलंय. तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती वाद घालत नाहीत. नुसती टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि आपल्याला आपल्याच बोलण्याची शंका यायला लागते.

मी तेव्हा सोलापुरात एका संस्थेत होते. आमची संस्था, एक कॉलेज आणि मंद्रूपकडची काही गावं, अशा सगळ्यांनी मिळून जमिनीच्या आरोग्याचा अभ्यास करायचा, असा प्रकल्प होता. त्यासाठी दोन भाड्याच्या खोल्यांत माती तपासायची प्रयोगशाळा थाटली होती. शेतकऱ्यांच्या बाजूचे प्रमुख अण्णा. त्यांच्या सात एकरांतलं दोन एकर रान मीठ फुटून पांढरं पडलेलं. "माजं रान पैल्यांदा नापास झालं, म्हणून मला मॉनिटर केलंय," असं ते पाहुण्यांना सांगत.

एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घातला. आपल्या रानाची माती आपण काढायची नाही, शेजाऱ्यानं काढायची. कॉलेजच्या सरांनी कारण विचारलं.

"आपली आपण काढली की माणूस चांगल्या जागंची काढतंय," अण्णा म्हणाले. "पोरीला बघाया पावनं येणार म्हटल्यावर घर झाडतोय, तसं."

दोन शेजाऱ्यांचं बांधावरून वाजलेलं होतं. एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नव्हते. अण्णांनी नेमक्या त्यांच्याच हातात एकमेकांच्या पिशव्या दिल्या. एकानं मुद्दाम उकिरड्याजवळची माती भरली. अण्णांनी पिशवी तिथंच उलटी केली. "भांडण बांधावर ठिव. पिशवीत नगं."

महिन्याभरानं शाळेच्या पडवीत बैठक बसली. ज्यानं माती काढली, त्यानंच तिचा अहवाल मोठ्यानं वाचायचा, हीही अण्णांचीच रीत. उकिरड्याची माती भरणारा तो गडी वाचता वाचता 'क्षार जास्त' या ओळीशी थांबला. मान वर न करता म्हणाला, "माज्या उसाचं पाणी ह्याच्या रानात उतरतंय. त्यानंच झालं आसंल." पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून बांधाच्या कडेनं चर खोदला. अण्णा रोज सकाळी जाऊन बघून येत आणि मला फोन करून किती हात खोदून झाला ते सांगत.

पैसे देणारे तीन वर्षांनी थांबणार होते. 'प्रयोगशाळा स्वतःच्या पायावर कशी उभी राहील, ते लिहून द्या,' असं वरून आलं. मला त्यातलं कळतं, असा माझा समज. मी लिहिलं: दर पिशवीला फी, माती गोळा करायला मोटारसायकलवर पगारी माणूस, अहवाल थेट मोबाइलवर. शेजारी नाही, बैठक नाही. त्यात फार वेळ जातो. सगळीकडे 'शेतकरी' खोडून मी 'ग्राहक' केलं होतं.

अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बरोबर हाय की तुमचं."

"अण्णा, खरं बोला."

"ताई, फी ठिवू नगा. सुगी झाली की गाव देतंय की. देवळाच्या भंडाऱ्याला कोण पावती मागतंय व्हय? पर बैठक मोडू नगा. बैठक हाय तवर लोक ह्या खोल्या आपल्या म्हणत्यात."

"हे मी कागदावर कसं दाखवू?"

"ते मला न्हाय ठावं," ते म्हणाले आणि टोपी घालून उठले.

मी माझाच आराखडा पाठवला. तो मंजूर झाला, कौतुकही झालं. पहिल्या हंगामात पिशव्या बऱ्या आल्या. दुसऱ्या हंगामात मोटारसायकल रिकामी परत यायला लागली. मोबाइलवर आलेला अहवाल एकट्यानं वाचून करायचं काय, हे कुणालाच कळत नव्हतं. तिसऱ्याच्या आधी खोल्यांना कुलूप लागलं. अण्णांचं ऐकलं असतं तर चाललंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण एकदा करून बघायला हवं होतं. ते केलं नाही, हे मला आजही सलतं.

अखेरच्या अहवालावर त्यांची सही लागत होती, म्हणून त्यांच्या घरी गेले. 'प्रकल्प न टिकण्याचं कारण' हा रकाना मी कोरा ठेवला होता. चहा झाल्यावर त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"हितं लिवा, शेतकऱ्यांनी साथ दिली न्हाय."

"अण्णा, तसं नाही झालं. चूक माझी आहे."

"मला ठावं हाय. पर तुमाला नोकरी करायची हाय, लेकरांची शिक्षणं हायत. आमाला कोण कामावनं काढतंय?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि मला एसटीपर्यंत सोडायला आले.

माझी नोकरी टिकली. पुढच्याच थंडीत अण्णा गेले. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, सोलापुरातल्या नव्या पेठेत त्यांच्या गावचा एक जण भेटला तेव्हा. भर गर्दीत मला रडू आवरेना.

यंदा आमच्याकडे तसाच नवा प्रकल्प आलाय. त्यावरची तरुण अधिकारी हुशार आहे. परवा ती गावांची यादी घेऊन माझ्याकडे आली. मंद्रूपकडचं एकही गाव त्यात नव्हतं. मी कारण विचारलं.

"तिथले शेतकरी साथ देत नाहीत, मॅडम. जुन्या अहवालात आहे."

"ते खरं नाही," मी म्हणाले. "ते मी लिहिलंय. खोटं लिहिलंय."

तिनं अहवाल उघडून माझ्यापुढे सरकवला.

"पण मॅडम," ती म्हणाली, "खाली त्यांच्याच माणसाची सही आहे."