बोलण्यावरून कळतं

वान-सिमची भाषा चुकीची होती, असं कुणीच म्हणू शकलं नसतं. चीनमधल्या शिउ-हिंगजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती हाँगकाँगला आली, तेव्हा तिला वाटलं होतं, चला, निदान बोलायची तरी पंचाईत नाही. तिथेही कँटोनीज, इथेही कँटोनीज. आणि खरंच, पहिल्याच दिवशी भाजीवालीला तिचं सगळं समजलं. इतकं समजलं की पालेभाजी बांधता बांधता तिनं विचारलं, "सीमेपलीकडची ना गं तू?"

या शहरात दर वाक्यात एखाददुसरा इंग्रजी शब्द आपोआप येऊन बसतो, तो काही इंग्रजी येतं म्हणून नव्हे. वान-सिम ज्या नूडलच्या दुकानात कामाला होती, तिथली गल्ल्यावरची क्यूताई शाळेत जेमतेम गेलेली. पण ती रजा मागायची नाही, "अप्लाय" करायची. नवऱ्याचा बेत "कॅन्सल" करायची. कुणी तोंड पाडून बसलं की शब्दाचा तुकडा मोडून विचारायची, "हॅप-नाही-हॅपी?" तिला एक अख्खं वाक्य इंग्रजीत बोल म्हटलं असतं, तर तिची बोबडी वळली असती. पण हे शब्द तिच्या बोलण्यात लहानपणापासून मुरलेले, लोणच्यात मीठ मुरावं तसे. वान-सिमचं बोलणं अळणी होतं, आणि अळणीपणा चटकन कळतो.

तिच्या नवऱ्याला, काम-शिंगला, याचं काही नव्हतं. तो सोया सॉसच्या गोदामाची गाडी चालवायचा आणि तोंड फक्त जेवायला उघडायचा. त्यांची मुलगी हेई-तुंग बालवाडीत गेली आणि तिची हेझल झाली. आता तिला टेकडीवरच्या शाळेत पहिलीत घालायचं होतं. तिथे आधी मुलांची मुलाखत होते, मग आईबापांची. हेझलनं आपली चोख दिली होती. आता आपण दोघांनी नाक कापून घ्यायचं तेवढं राहिलंय, असं काम-शिंग म्हणाला आणि स्वतःच हसला.

वान-सिमला हसू आलं नाही. ती शाळा मिळाली तर पोरगी कुठल्याही घोळक्यात ताठ मानेनं उभी राहील, सीमेपलीकडच्या बाईची मुलगी म्हणून तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. तिनं क्यूताईला गळ घातली. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघींची शिकवणी चालायची. शिक्षिकेला "बाई" म्हणायचं नाही, "मिस" म्हणायचं. अभ्यास बघतो म्हणायचं नाही, होमवर्क चेक करतो म्हणायचं. वान-सिम सगळं पाठ करायची. उच्चारही बरा जमायचा. पण प्रत्येक इंग्रजी शब्दाआधी ती किंचित थांबायची, डबक्यावरून पाय टाकताना थांबावं तशी.

"अगं, तू ते शब्द घालतेस," क्यूताई वैतागून म्हणाली. "आम्ही घालत नाही. ते पडतात."

"मग मी कसे पाडू?"

शेवटी क्यूताईनं सल्ला दिला की तू आपली हसत राहा, हसण्यावरून कुणाला काही कळत नाही.

घरी हा सराव हेझलच्या देखत चालायचा. आईच्या तोंडून "होमवर्क चेक" आलं की पोरगी पेन्सिल थांबवून तिच्याकडे बघत राहायची. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मुलाखतीला सगळे लग्नाला निघाल्यासारखे नटून आले होते. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या. शेजारची बाई आपल्या मुलाचा भांग सारखा करत होती. वान-सिमनं सहज तिला विचारलं, "बाई आत फार वेळ घेतात का हो?"

शब्द निसटला होता. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि गोड हसली. "मिस ना? नाही, लवकर सोडतात," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. परगावच्या पाहुण्याशी बोलतात तसं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

हेझलनं ते पाहिलं. तिनं आईची बाही ओढली. "मम्मी, तू आत बोलू नकोस. डॅडी बोलतील."

"का गं?"

"तुझ्या बोलण्यावरून कळतं."

काय कळतं, ते काही तिला सांगता येईना. बालवाडीच्या फाटकाशी कुणाच्या तरी आजीच्या तोंडचं तिनं ऐकलं असणार. जे कळतं ते वाईट असतं, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. वान-सिमला रागवावंसं वाटलं. पण रागवणार कुणावर? पोर खोटं बोलत नव्हती.

आत मिस लाम बसल्या होत्या, बाई स्वभावानं चांगली. काम-शिंगनं त्यांच्या प्रश्नांना हो-नाही करून वेळ मारून नेली. मग त्या वान-सिमकडे वळल्या. "आता मम्मींनी सांगायचं. हेझल घरी सगळ्यात हॅपी कधी असते?"

याचं उत्तर जगात एकट्या वान-सिमला माहीत होतं. आंघोळीनंतर ती पोरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि गावाकडचं बदकांचं गाणं म्हणायची. शेवटचं वाट चुकलेलं बदक घरी येई, तेव्हा त्याला हेई-तुंगचं नाव द्यायची. पोर खिदळत लोळायची. सगळं ओठांवर आलं होतं. त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. तिनं मुलीकडे पाहिलं. हेझल फ्रॉकची कड मुठीत धरून आपल्या बुटांकडे बघत होती.

वान-सिम मूग गिळून बसली आणि हसत राहिली. मिस लाम थांबल्या.

"टॅब," काम-शिंग म्हणाला. "टॅबवर कार्टून बघताना."

मिस लामनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. ज्या शाळेसाठी वान-सिमनं तोंड शिवून घेतलं, ती त्या शिवलेल्या तोंडापायीच हातची गेली होती. हे तिला दाराबाहेर पडेपर्यंत कळून चुकलं होतं आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काम-शिंग गोदामाकडे गेला. मायलेकी बसथांब्यावर उभ्या राहिल्या. हेझल आता मोकळी झाली होती, आईचा हात झुलवत होती. "मम्मी, मी गुड होते ना?" तिनं विचारलं. वान-सिमनं मान डोलावली.

"मग बोल ना. गप्प का?"

वान-सिम खाली वाकली. "आता बोलू?"

हेझलनं वळून पाहिलं. मघाची शेजारीण मुलाला घेऊन रांगेत येऊन उभी राहिली होती.

"थोडं थांब," हेझल हळूच म्हणाली. "त्यांची बस जाऊ दे."