ताटाची डावी बाजू

"यांचे डोळे चांगले आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण डावीकडे काही असतं, याचीच यांचा मेंदू आता दखल घेत नाही."

धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होऊन ह्यांना नुकतंच वॉर्डात आणलं होतं. ताटात उजवीकडे भाजी आणि लोणचं होतं, डावीकडे भाकरी. ह्यांनी भाजी पुसून खाल्ली आणि माझ्यावरच डाफरले, "नुसती भाजीच दिनी का व? भाकर कोठे शे?"

भाकरी समोर पडलेली. मला वाटलं, आजारी माणसाचा हट्ट. मीही आवाज चढवला. तेवढ्यात डॉक्टरबाई राउंडला आल्या. त्यांनी ताट फिरवलं. भाकरी उजवीकडे आली. "हां, आते वाढी," असं म्हणत हे खायला लागले, आणि डावीकडे गेलेलं लोणचं तसंच राहिलं.

याला 'लेफ्ट निग्लेक्ट' म्हणतात. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की कधीकधी असं होतं. डोळा बघतो, पण मेंदू डावी बाजू मोजतच नाही. माणूस अर्धीच दाढी करतो, दाराच्या डाव्या चौकटीला धडकतो. आपलं काही हरवलंय, हे त्याला स्वतःला कळत नाही. घरात असं कोणी दिसलं तर त्याच्यावर ओरडू नका. मी ओरडले होते.

मी आठवडे बाजारात कटलरीचं दुकान लावते. बांगड्या, पिना, रिबिनी. डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली, आज तीन तालुक्यांच्या बाजारात माझी जागा ठरलेली आहे. पहिलं उत्तर शेवटचं मानायची मला सवय नाही.

"पूर्ण नाही, तर निम्मं तरी परत येईल ना?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"सायकल चालवतील?"

"नाही."

"लगेच नाही म्हणत मी. सावकाश, बरं वाटल्यावर?"

"ताई," त्या म्हणाल्या, "इथे घासाघीस चालत नाही. चालली असती तर मीच केली असती."

आमचे हे शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करत. शहाद्याच्या आसपासचा प्रत्येक शेतरस्ता ह्यांना पाठ. सायकलच्या हँडलला अवजारांची पिशवी, अंगात पांढरा शर्ट. त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं, रस्ता सरळ होता. समोरून केळी भरायला निघालेली पिकअप आली आणि ह्यांच्या तोंडासमोरूनच एका शेताकडे वळताना सायकलला धडकली.

नंदुरबारला सी.टी. स्कॅन झाला. 'सबड्युरल हिमॅटोमा', म्हणजे कवटीच्या आत मेंदूवर साकळलेलं रक्त. लगेच धुळ्याला हलवलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी भिंतीला टेकून बसले होते तेव्हा पिकअपचा ड्रायव्हर आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, दिसनाच नहीत दादा."

दिसलेच नाहीत. हा शब्द माझ्या डोक्यात जो बसला तो बसलाच. जसं काही दिसणं हे ह्यांचं काम होतं आणि त्यात हे कमी पडले. मी तिथेच त्याला सुनावलं, "माणूस दिसत नाही, मग गाडी कोणाच्या भरवशावर हाकतोस रे?" त्याला दवाखान्याच्या फाटकापर्यंत हाकलून आले.

घरी आणल्यावर पिकअपच्या मालकाने माणूस पाठवला. "मिटाडी टाका ना ताई. तुम्हीच भाव सांगा." मला भाव सांगायला कधी वेळ लागत नाही. पण मी म्हटलं, "ड्रायव्हरला पाठव. त्याने ह्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, मी पाहिलं नाही. 'दिसले नाहीत' नाही. 'मी पाहिलं नाही.' बाकीचं कोर्टात बोलू."

तो येईल असं वाटलं नव्हतं. एका दुपारी आला. आमचं दार खाटेच्या डाव्या अंगाला आहे. तो दारातून आत येऊन तसाच उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला.

ह्यांनी मान वळवली ती उजवीकडे. तिकडे भिंत. "कोन शे?" ह्यांनी भिंतीला विचारलं.

"दादा, मी. गाडीवाला."

हे भिंतीवर शोधतच राहिले. माणूस हाताच्या अंतरावर उभा, आणि ह्यांच्या लेखी घरात कोणी नाही. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं.

"वळताना ट्रक येतो का ते पाहिलं होतं, ताई," तो म्हणाला. "सायकल असेल असं मनातच उनं नही. मी देखं नही."

मला हवं ते वाक्य मिळालं. इतके दिवस वाटायचं, हे ऐकलं की छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. ह्यांना दिसत नाही, कारण मेंदूला जखम आहे. त्याच्या मेंदूला कसली जखम होती? हे त्याला विचारायचं मी ठरवून ठेवलं होतं. विचारलं नाही. दंडाला धरून त्याला खाटेच्या उजव्या बाजूला नेऊन उभं केलं.

त्याला पाहून ह्यांचा चेहरा उजळला. "अरे, बसा, बसा," हे म्हणाले. मग मला, "च्या ठेव व. पाव्हना उना."

मी चहा ठेवला. तो रडत प्यायला. केस मी मागे घेतलेली नाही, घेणारही नाही.

डॉक्टरबाईंनी दिलेला व्यायाम साधा आहे. माणसाच्या डावीकडे बसायचं, त्या बाजूने हाक मारायची, डावा हात हातात घेऊन ठेवायचा. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला खोटी आशा विकली नाही. सहा महिन्यांनंतर फरक हळू पडतो, हेही त्यांनीच सांगितलं. ते महिने उलटून गेले.

बाजारातून आले की मला उजवीकडे जायचा मोह होतो. तिथे गेलं की ह्यांचं हसू लगेच मिळतं. तरी मी डावीकडे बसते आणि हाक मारते. ह्यांची मान आधी उजवीकडे जाते. थांबते. मग हळूहळू माझ्याकडे यायला लागते. एखाद्या दिवशी पोचते. पोचत नाही त्या दिवशी मी जागा बदलत नाही, तिथूनच पुन्हा हाक मारते.