पडद्याआडचे परीक्षक

परदेशातल्या व्हायोलिन स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणारे ते गृहस्थ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या सिल्वासाच्या शाळेतल्या स्पर्धेला आले होते. आल्या आल्या म्हणाले, "मधे पडदा लावा. तिकडे असंच करतात. चेहरा दिसला की कान बिघडतात."

नरोलीची एक मुलगी वाजवू लागली, तशी त्यांची बोटं गुडघ्यावर तिच्याबरोबर फिरू लागली. सगळ्यांत गोड तिनेच वाजवलं. गुण मात्र त्यांनी तिला सर्वांत कमी दिले.

मी शेजारीच होतो. माझ्याकडे न बघता ते पुटपुटले, "पूर्वी मुंबईला माझ्याकडेच शिकायची. पहिल्या गजालाच ओळखलं. वर नंबर दिला असता तर लोक काय म्हणाले असते?"

मला त्या पडद्याचीच लाज वाटली.

निकालानंतर ती पाया पडायला वाकली. "सर, माझं कुठे चुकलं?"

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.