आशिषची कबर उघडली त्या सकाळी

"तो खरोखर उठला आहे!" असं दर ईस्टरला चर्चच्या मंडळीत प्रभूच्या पुनरुत्थानाबद्दल सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारी मीच. पण माझ्या आशिषची कबर उघडायची ठरली तेव्हा माझी वाचाच बसली. मुंबईत मेल्यावरही जागेची टंचाई. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. हे मला ठाऊक होतं, पण दुसऱ्यांच्या बाबतीत. माझा लेक जगाच्या शेवटच्या दिवशी उठणार तो याच मातीतून, असं मी धरून बसले होते. आता वाटायला लागलं, तो उठणार तरी आहे का? हे कुणाला विचारायचीही भीती वाटत होती. आमच्या यांचा तर यायचाच धीर झाला नाही. मी एकटीच माझगावहून दफनभूमीकडे निघाले.

फावड्याचा प्रत्येक आवाज छातीत बसत होता. खोदणाऱ्या दादांनी वर बघून विचारलं, "ताई, कापड आणलंय ना?" मी पिशवी पुढे केली. आत आशिषचा इस्त्री केलेला निळा शर्ट आणि पँट होती. त्यांनी फावडं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ताई, हाडंच असतात हो. पांढरं कापड लागतं." मला का हे कळत नव्हतं? तरी कपाट उघडल्यावर हात शर्टाकडेच गेला होता. थांबवा, माती परत लोटा, असं मी ओरडणारच होते.

तेवढ्यात पलीकडच्या कबरीपाशी उभी असलेली एक म्हातारी जवळ आली. तिच्या नवऱ्याची कबर त्याच सकाळी उघडून, देह अजून पुरता मातीत विरला नव्हता म्हणून, पुन्हा बुजवावी लागली होती. तिनं कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी माझ्या हातात ठेवली. "घे गो बाय. आमच्या ह्येंका अजून येळ आसा."

मी एकदम विचारलं, "मावशी, उठतील ना गं आपली ही माणसं?"

"कसां, ता माका नाय ठावक. ज्येनी घडवल्यान, तो बघतलो."

माझ्या मनातला कल्लोळ तिथेच निवला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रार्थनेत मी तिला कापडवाली मावशी म्हणते, देवाला कळतं.

अस्थी मी माझ्या हातांनी गुंडाळल्या. गाठोडं तान्ह्या बाळाएवढंच भरलं. प्रार्थनेसाठी आलेल्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी अस्थी कोनाड्यात ठेवायला हात पुढे केले. बाप्तिस्म्यालाही मी आशिषला असंच पाळकांच्या हातात दिलं होतं, न घाबरता, कारण तो परत मिळणार हे मला माहीत होतं.

मी हात सैल सोडले.