थारोळ्याखालची नाळीची भाजी

लग्न होऊन मी बारामतीहून निरवांगीला आले, तेव्हा सासरच्यांनी मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. शिवारभर ऊसच. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्या. दोघांचं तरुणपण कळपामागं चालण्यात गेलेलं, पण त्या दिवसांविषयी बोलायचे ते एकटे मामाच.

विहिरीचं पाणी ज्या दगडी थारोळ्यात पडायचं, त्याच्या खाली कायम चिखल असायचा. मामांनी नदीकाठावरून नाळीच्या भाजीच्या कांड्या आणून तिथं खोचल्या. बघता बघता वेल पसरला. पोकळ देठ, लांबट टोकदार पानं, सकाळी फिकट जांभळी फुलं. मामा कोवळे शेंडे खुडून जुडी आणायचे आणि आत्या ती तशीच म्हशीपुढं टाकायच्या.

"माझ्या चुलीवर ही चढायची न्हाय," एवढंच म्हणायच्या. मामा हसून सोडून द्यायचे.

एकदा आत्या भावाकडं वरकुट्याला गेल्या. मामा म्हणाले, "पोरी, आज तू बस. मी करतो." घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं न घेणाऱ्या या माणसानं अंगणात तीन दगड मांडले, लसूण ठेचला, मिरच्या मोडून टाकल्या. भाजी चरचरली. नुसती वाफ दिलेली, देठ अजून कुरकुरीत. मी दोन भाकरी खाल्ल्या. तेवढ्यात आत्या परतल्या आणि दारातच थांबल्या.

"लसूण करपवलाय," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. जेवल्या नाहीत. त्यानंतर मामांनी जुडी आणणं बंद केलं. वेल मात्र वाढतच राहिला.

पुढं मी बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. तिला दूध पुरेना. ती रडायची आणि तिच्याबरोबर मीही. तेव्हा आत्या एसटीनं आल्या. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली नाळीची भाजी.

"मामांनी दिली?" मी विचारलं.

"न्हाय. मीच खुडली."

माझी आई नको नको म्हणत असताना त्या स्वयंपाकघरात शिरल्या. ताट माझ्यापुढं ठेवून खाली बसल्या.

"माझी पयली पोर वाटंवर झाली. जवळ काय न्हवतं. तुझं मामा तळ्यात उतरून हीच भाजी आणायचं. हिच्यावर दूध उतरलं मला. पर पोर काय जगली न्हाय. तवापासनं हिचा वासबी नको वाटतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू खा."

मी खाल्लं. त्या बाळाचे तळवे चोळत बसल्या. दूध पुढं भाजीनं वाढलं की कशानं, कुणास ठाऊक.

मुलीला घेऊन मी निरवांगीला परतले, तेव्हा आत्या थारोळ्याखाली गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि मामा काठावरून ओरडत होते, "त्यो न्हवं, कवळा शेंडा घे!"

"मग तुमीच उतरा की," आत्या म्हणाल्या, आणि मामा धोतर खोचून खरंच उतरले.