नळीतला खिळा

खामगावच्या एमआयडीसीत मागच्या बाजूला, जिनिंगच्या भिंतीला लागून जयमालाबाईंचं पत्र्याचं शेड आहे. तिथे माल टाकायला येणारा प्रत्येक जण एकदा तरी त्यांच्यावर चिडून जातो, आणि बहुतेक जण पुन्हा तिथेच येतात. बाईंना गोड बोलता येत नाही. नाही म्हणायचं असेल तर त्या सरळ नाही म्हणतात, आणि मग चहा पाजतात.

त्यांचं काम ॲनोडायझिंगचं. ॲल्युमिनियमचा भाग तेजाबाच्या पाण्यात टांगायचा, त्यातून करंट सोडायचा, की त्याच्या अंगावर त्याचीच एक कडक कातडी धरते. मग घाम, चिखल, खत कशालाच तो दाद देत नाही. हे सगळं बाई वाळूजच्या एका कारखान्यात तारेला माल टांगता टांगता शिकल्या. तिथला सुपरवायझर स्क्रू अडकलेला माल तसाच बुडवायचा. "काय होतं ते पाहू," म्हणायचा, आणि भोकाभोवती जळून खड्डे पडलेला माल नंतर जयमालाबाईंनी निवडत बसायचं. कारण तेजाबात लोखंड गेलं की सगळा करंट त्याच्याकडे पळतो. पंगतीत एखादा खादाड बसावा आणि त्यानं वाढप्याला पुढे सरकूच देऊ नये, तसं. कातडी धरत नाही ती नाहीच, वर लोखंड स्वतः झिजता झिजता शेजारच्या ॲल्युमिनियमलाही घेऊन जातं. म्हणून स्वतःचं शेड टाकल्यापासून बाईंचा एकच कायदा होता: फुटक्या स्पीकरमधलं चुंबक अंगावरून फिरवल्याशिवाय कुठलाही तुकडा टाकीत जाणार नाही. गिऱ्हाईक किती का मोठं असेना.

गोकुळ जानेफळहून आला तो कुबड्यांवर. तिशीतला गडी, भाजीपाला पिकवणारा. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. नकली पाय मिळाला, पण तो जपून ठेवण्यातला हा माणूस नव्हता. पाय लावून तो वाफ्यांना पाणी द्यायचा, पाठीवर पंप घेऊन चिखलातून फवारत फिरायचा. शेवटी सारा भार पेलणारी मधली ॲल्युमिनियमची नळी पांढरी भुकटी सोडायला लागली. पाय बसवणाऱ्यांनी सांगितलं, नवी नळी यायला कैक महिने लागतील, तोवर हिच्यावरच पुन्हा कातडी चढवून घे, नाहीतर चालता चालता मोडेल. गोकुळनं नळी काढून फडक्यात गुंडाळली, बाकीचा पाय पिशवीत घातला आणि खामगाव गाठलं. बरोबर त्याची माय होती, मनकर्णाबाई. ती शेडात आली आणि कोपऱ्यातल्या ड्रमाशेजारी पदर सावरून बसली.

जयमालाबाईंनी नळी दाराच्या उजेडात धरून पाहिली.

"जुनी कातडी कॉस्टिकात सोलावी लागन," त्या म्हणाल्या. "त्यात धातूबी थोडा जाते. हे आधीच खाल्लेली हाये. एकदाच सोलता येईन. बिघडली त मंग माह्या हातात काई नाई."

"बिघडू देऊ नोका, ताई," गोकुळ म्हणाला. "मले या लाकडांवर परत नाई जाचं."

बाई कामाला लागल्या. नळीच्या दोन्ही टोकांच्या कड्यांमधले स्क्रू जाम झाले होते. तेल सोडून, गॅसच्या ज्योतीनं कडी शेकून त्यांनी एकेक स्क्रू सोडवला. भोकांमध्ये बसवलेले स्टीलच्या तारेचे आटेही चिमट्यानं ओढून काढले. मग सवयीप्रमाणे चुंबक फिरवलं, आणि वरच्या कडीपाशी ते टक्कन चिकटलं.

तिथे स्क्रू नव्हता, आटा नव्हता. एक बारीक भोक होतं, तेही लाखेनं बुजवलेलं. पांढरी भुकटी सगळ्यात जास्त जमली होती ती नेमकी त्याच्याभोवती.

"आत लोखंड हाये. कोनं घातलं?"

गोकुळनं पाहिलं आणि खांदे उडवले. "मले नाई माहीत. कंपनीचंच असन. राहू द्या ना, एवढुसं त हाये."

"कंपनी लाख लावत नाई. हे असं मी बुडवत नाई."

गोकुळ चिडला. एवढ्या लांबून आलो, तुम्ही नसाल करत तर तसं सांगा, अकोल्याला जातो, असं बरंच काही बोलला. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांची नजर मात्र कोपऱ्याकडे गेली होती. लोखंडाचं नाव निघालं तशी म्हातारीनं मान खाली घातली होती आणि ती काही केल्या वर येत नव्हती. बाईंनी गोकुळला चहाच्या टपरीवर पाठवलं आणि म्हातारीसमोर उकिडव्या बसल्या.

"मावशी, काय हाये आत?"

मनकर्णाबाईंनी ओठ मिटून घेतले. जयमालाबाईंच्या लक्षात आलं. असा तोडगा बोलून दाखवला की त्याचा गुण जातो, हे त्याही ऐकतच मोठ्या झालेल्या होत्या. त्यांच्या आईनं पोरांच्या उशाशी अडकित्ता ठेवला होता, पण कशासाठी ते कधी सांगितलं नाही.

"बोलू नोका. मी बोलते. नालेचा खिळा हाये?"

म्हातारीनं होकाराची मान हलवली.

"काया घोड्याचा?"

पुन्हा तशीच मान हलली. काळ्या घोड्याच्या नालेचा खिळा, पोराला पुन्हा काही होऊ नये म्हणून. लोहाराकडून घट्ट ठोकून घेतला असणार, गोकुळच्या नकळत.

आता जे सांगायचं होतं ते कुणाही आईला सांगू नये असं होतं. बाईंना वाईट वाटलं. पण न सांगता काम होणार नव्हतं. "मावशी, लोखंड आन् ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र राह्यले त ॲल्युमिनियम सडते. नळी या खिळ्यापासूनच खात चालली हाये. असाच बुडवला त खिळाबी जाईन आन् पायबी जाईन."

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "वरून पक्कं बूच लावलं त?"

"गंजानं फट पडली. तेजाब आत शिरन."

"मंग उपट."

तेही सोपं नव्हतं. खिळ्याला पकड लागेल इतकं डोकंच बाहेर नव्हतं. ड्रिल घातलं असतं तर ते कडक खिळ्यावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरलं असतं आणि कडी फाटली असती. उपाय एकच होता, तुरटी. तुरटीचं कढत पाणी लोखंड खातं, ॲल्युमिनियमला फारसं लागत नाही. फक्त धीर पाहिजे, पाणी थंड होऊ द्यायचं नाही, आटलं की वरून घालत राहायचं.

बाईंनी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, पातेल्यात तुरटी विरघळवली, लाख खरवडून नळी आत उभी केली आणि शेगडी पेटवली. त्या पाट घेऊन बसणार, तोच मनकर्णाबाई उठल्या. "सरक, म्या बसते. म्याच ठोकला, म्याच काढते."

गोकुळ चहा पिऊन आला तेव्हा भोकातून बारीक बुडबुडे निघत होते आणि पाणी काळपट होत चाललं होतं.

"हे काय शिजवून राह्यली, माय?"

जयमालाबाईंनी म्हातारीकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं. म्हातारीनं पातेल्यात पाण्याची धार सोडली आणि पोराकडे न पाहता सगळं सांगून टाकलं.

गोकुळ कुबडीवर रेलून ऐकत होता. रागावला नाही, पण त्याचा आवाज बदलला. "म्हंजे मी खिळ्यानं उभा राह्यलो? चालाले शिकतानी गोठ्यात दावं धरून धरून पडत होतो, ते कोनं पाह्यलं?"

"म्या पाह्यलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रोज कुडाआडून पाहत होते. म्हनूनच त ठोकला."

गोकुळनं कुबडी खाली ठेवली. तो मायजवळ बसला आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीनं पाणी घातलं. मायलेकरं रात्री नात्यातल्यांकडे गेली, सकाळी परत येऊन पुन्हा शेगडीपाशी बसली. दुपारी बाईंनी भोकात काडी घातली तर ती पार तळापर्यंत गेली. खिळ्याची काळी भुकटी झाली होती. चुंबक फिरवलं, ते कुठेच थांबलं नाही.

मग बाईंनी पुढचं काम हातात घेतलं. सोलणं, धुणं, तारेला घट्ट बांधणं. टाकीभोवती बर्फ रचला आणि करंट हळूहळू चढवला. काट्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. कातडी एकसारखी धरली. कडीपाशी डाग नाही, खड्डा नाही. उकळत्या पाण्यात पक्की करून, नवे आटे बसवून, स्क्रूंना ग्रीस लावून त्यांनी नळी गोकुळच्या हातात दिली. त्यानं बाकड्यावर बसून पाय जोडला.

मनकर्णाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

गोकुळ उठला. शेडातून दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर क्षणभर थांबला.

"पडला काय वं?" म्हातारीनं विचारलं.

"नाई," जयमालाबाई म्हणाल्या.

"आता?"

"रस्त्यावर गेला. एसटी पाहून राह्यला."

मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. गोकुळ बऱ्यापैकी लांब गेला होता, पाठमोरा, भरभर पावलं टाकत. कुबड्या बाकड्याला टेकून तशाच राहिल्या होत्या. म्हातारीनं घाईघाईनं त्या काखेत मारल्या, पिशवी उचलली आणि दारातून हाक घातली.

"थांब ना रे गोकुळ, मले तुह्याइतकं चालता येत नाई."