बंद दाराची खोली मागणाऱ्या मालतीबाई

मालतीबाई वैती समोरच्याचं नाव विचारायच्या आधी म्हणायच्या, "हात दाखव." कल्याण स्टेशनामागच्या मालधक्क्याजवळ गर्द टोचून पडलेली पोरं आधी हसायची, बाई भविष्य सांगते की काय! बाईंना मात्र कोपराच्या खळगीतले फोड बघायचे असायचे. मग त्या तिथंच धुळीत मांडी घालायच्या, जखम धुवायच्या, वापरलेली सुई डब्यात टाकून घ्यायच्या आणि नवी द्यायच्या.

ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या या बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स. नव्वदच्या दशकात त्या आमच्या छोट्या संस्थेत आल्या, तेव्हा मी तिथं कार्यकर्ती होते. अंगानं जाड, चार पावलांत धाप लागणाऱ्या आणि कायम थकलेल्या. "दमले गो पोरी," म्हणतच त्या सकाळी दारात यायच्या आणि लगेच पिशवी भरायला घ्यायच्या.

धक्क्यासमोरचे दुकानदार त्यांच्यावर चिडून असायचे. एकदा एकजण आडवाच आला. "बाई, सुया वाटता म्हणजे नशेला मदतच करता ना?"

"नशा माझ्यानं सुटत नाय, भाऊ," बाई म्हणाल्या. "एकाची सुई दुसऱ्याला लागू नये, येवढंच बगते. त्यातनं एड्स पसरतो. यांच्या घरी बायका हायत, लेकरं हायत."

दुकानदार गेल्यावर त्यांनी मला आपल्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. पुन्हा कधीच तो विषय काढला नाही. हा भाऊही गर्द टोचायचा. ताप हटेना म्हणून त्याला एका दवाखान्यात नेलं, तर गर्दुल्ला म्हणून व्हरांड्यातच बसवून ठेवलं. रक्त तपासणं सोडाच, कुणी हातही लावला नाही. तिथंच तो गेला. "मी नर्स. युनिफॉर्म अंगावर व्हता माझ्या. तरी," एवढंच म्हणाल्या आणि सुयांचा डबा बंद करायला लागल्या.

एड्सच्या तपासणीच्या बाबतीत त्या हट्टाला पेटायच्या त्या यामुळेच. आम्ही पेशंट न्यायचो त्या हॉस्पिटलात रिपोर्ट आला की शिपाई भर रांगेत नाव घेऊन ओरडायचा. वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेला, गर्द टोचणारा राजू त्या भीतीनं तपासणीला येईना, आणि त्याची बायको सुनीता गरोदर होती. बाई डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. रोजच बसायला लागल्या. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"एक खोली. आन् तिला बंद व्हनारं दार."

खोली मिळाली, रिपोर्ट दाराआड सांगायला लागले आणि राजू-सुनीता तपासणीला आले. राजूला लागण झाली होती. सुनीताला नव्हती. मला वाटलं, बाई आता हसतील. त्या पायरीवर बसल्या, चपला काढल्या आणि पदरानं तोंड झाकून बराच वेळ रडल्या. मग राजूला जवळ बोलावून म्हणाल्या, "आता तिला जपायचं. कसं, ते मी सांगते. लाजू नको."

पुढं त्या डॉक्टरांची बदली झाली. नव्यांनी खोलीत कपाटं ठेवली, शिपाई पुन्हा ओरडायला लागला. बाई पुन्हा बाकावर. खोली परत मिळाली, आणि काही काळानं तेही डॉक्टर बदलून गेले आणि खोली पुन्हा गेली. "चला, पयल्यापासून," म्हणत बाईंनी पिशवी उचलली. पण या खेपेला त्यांना हॉस्पिटलचा जिना चढवेना.

त्या खडवलीला भाचीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा डोळे मिटून खाटेवर पडल्या होत्या. खोलीचं काय झालं, हे त्यांनीच विचारलं. अजून परत मिळाली नाही, म्हटलं.

"मग? तू बसलीस का बाकावर?"

"उद्या जाते."

"उद्या डॉक्टरचा ऑपरेशनचा दिवस, तो भेटनार नाय." श्वासासाठी त्या थांबल्या. "परवा जा. सकाळीच जा. दुपारी मानसं चिडकी व्हतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर बसलेले असताना संस्थेतला माणूस निरोप घेऊन आला. बाई पहाटे गेल्या होत्या. मी उठले, तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. "तुम्ही बसलाय ना कधीच्या? या," ते म्हणाले.

खडवलीला मी जरा उशिरानं पोहोचले. आधी डॉक्टरांकडे आत जाऊन खोली मागितली.